पिवळे बिल्ले आणि पहाडीवरची ढोरं

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी मी जीपमधून उतरले, तेव्हा दवाखान्याच्या पायरीशी एक बाई काळी गाय धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, मग वाकून जीपच्या आत पाहिलं.

"डाक्टर कुठी हाय?"

"मीच आहे."

"अवो, माणसाईचा नाई. ढोराईचा म्हणून राह्यली मी."

"ढोरांचीच आहे मी, मावशी."

ती गायीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर हात फिरवत तिलाच म्हणाली, "पाय वो काळे, तुह्यासाठी बाईमाणूस पाठवलं सरकारनं." आणि दाव्याचं टोक माझ्या हातात देऊन मोकळी झाली. माझी पिशवी अजून जीपच्या टपावरच होती.

खरं म्हणजे मी डॉक्टर नव्हतेच. पशुधन पर्यवेक्षक हे माझं पद. डॉक्टर तालुक्याला बसत आणि आठवड्यातून एकदा येत. पण त्या पंचक्रोशीत ढोराला हात लावणारा तो डॉक्टर, असा सरळ हिशेब होता, आणि पहिल्या आठवड्यात चारपाच जणांना समजावून सांगितल्यावर मी तो मान्य करून टाकला. मी वाढले ब्रह्मपुरीत. आमच्या घरी कुणी कधी गाय पाळली नव्हती, दूध पाकिटातून यायचं. पदविकेला मला प्रवेश मिळाला तेव्हा आईची समजूत झाली होती की पोरगी टेबलाशी बसून ढोरांचे दाखले लिहील. पहिल्याच दिवशी खांद्यापर्यंत हातमोजा चढवून मी मावशीच्या काळीला तपासलं, हे मी तिला बरेच दिवस सांगितलं नाही.

काळी पाच महिन्यांची गाभण निघाली. मावशी इतकी खूश झाली की मला घरी घेऊन गेली आणि झिंग्यांची भाजी खाऊ घातली. तिचं घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून होतं. तिचा नवरा आणि दीर तलावात जाळं टाकायचे, ही मच्छी टोपलीत घेऊन आसपासच्या गावांना विकायची. बोलण्यात तिचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं. जेवता जेवता तिनं मला गावातल्या प्रत्येक घराची माहिती दिली, मी विचारलेल्या घरांची आणि न विचारलेल्याही.

आमच्या गावाच्या डोक्यावर पहाडी होती. तिला दुसरं नाव असेल तर ते मला कुणी सांगितलं नाही. पाहुण्याला मुद्दाम नेऊन दाखवावी अशी ती नाही. ब्रह्मपुरीकडून धानाच्या बांध्या बघत निघालं, की एका ठिकाणी जमीन उठून बसल्यासारखी दिसते, ती पहाडी. उंची एवढीच की चढताना दम लागतो, पण चढून आल्याचं कुणाला सांगावंसं वाटत नाही. पायथ्याला तलाव आणि आमचं गाव. पलीकडच्या अंगाला दोन लहान टोल्या, म्हणजे वाड्या. आणि वर, जिथं माथा सपाट होतो तिथं, गोंडांची वीसेक घरं. त्या वस्तीला सगळे वरचा टोला म्हणत. डांबरी रस्ता पहाडीला वळसा घालून निघून जायचा. वर जायचं तर पायवाट.

पोळा होऊन गेला आणि तालुक्याहून आदेश आला. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला लावायचा, बिल्ल्यावर बारा आकडी नंबर, तो नंबर मालकाच्या नावानिशी आणि मोबाईल नंबरानिशी मोबाईलमध्ये चढवायचा. सोबत बिल्ल्यांची खोकी आणि ते कानात बसवायचा मोठा चिमटा आला. मी उत्साहानं दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटा घेऊन गावात शिरले. पहिल्या गोठ्यात शेळी होती. दुसरा रिकामा. तिसरा रिकामा. चौथ्यात मावशी, गोवऱ्या रचत बसलेली.

"मावशी, गावातली ढोरं कुठं गेली?"

"वर."

"वर म्हणजे?"

तिनं गोवरी धरलेल्या हातानंच पहाडीकडे बोट दाखवलं. रोवणी झाली की चहूकडे बांध्यांत धान उभं राहतं, ढोरांना पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून गावातली सगळी ढोरं वरच्या टोल्यातल्या गायकीच्या, म्हणजे गुराख्याच्या, हवाली करायची. तो ती कापणीपर्यंत पहाडीवर सांभाळतो. कापणी झाली की त्याला घरोघरचं धान आणि सुकी मच्छी पोचते. हे त्याच्या बापाच्याही आधीपासून चालत आलेलं.

"कापणीले येतेत ना खाली. तवा लाव तुहे बिल्ले," मावशी म्हणाली.

पण तालुक्याला तो महिना संपायच्या आत काम हवं होतं. मी म्हटलं, मग मीच वर जाते. मावशीनं माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं आणि आत जाऊन नवऱ्याचे जुने रबरी बूट आणून दिले. ते दोन नंबर मोठे होते. त्यांत कापडाचे बोळे कोंबून मी चढायला लागले.

वाट सुरुवातीला चांगली होती. मग बांबूच्या दाट रांज्या, म्हणजे बेटं, लागली, मग खडक, खडकांवर शेवाळ. एकदा मी बसकण मारली, एकदा बूट मागे राहिला आणि मी पुढे गेले. वर पोचले तेव्हा सपाटीवर शंभराच्या आसपास ढोरं चरत होती आणि एका मोहाच्या झाडाखाली, खांद्यावर कुऱ्हाड टाकून, एक हडकुळा म्हातारा बसला होता. तो गायकी. त्यानं मला बूट हातात घेऊन येताना बऱ्याच दुरून पाहिलं असावं, कारण त्याच्या चेहऱ्यावर हसू आधीच तयार होतं.

"जोहार," मी म्हटलं.

"जोहार, बाई."

मी कामाचं सगळं सांगितलं. बिल्ला काय, नंबर काय, त्याचा फायदा काय. लसीकरणाची नोंद राहते, जनावर हरवलं तर सापडतं, हेही सांगितलं. त्यानं एक बिल्ला मागून घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, बोटानं वाकवून पाहिला. मराठी तो मोजकंच बोलायचा. नको म्हणायचं असलं की त्याच्या तोंडून गोंडीतलं 'हिल्ले' बाहेर पडायचं.

"हिल्ले," तो म्हणाला. "बासात अडकन. कान फाटन." आणि त्यानं खालच्या बांबूंकडे हात केला.

"नाही अडकत, बाबा. आम्हाला शिकवलंय."

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. मग स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावून, माझ्या कानातल्या रिंगांकडे बोट दाखवत विचारलं, "तुले दुखलं होतं?"

"थोडंसं. लहान होते तेव्हा. मग बरं झालं."

यावर त्यानं बराच विचार केला. मग उठला, तोंडानं टॉक् टॉक् असा आवाज काढला, आणि समोरच्या कळपातून एक पांढरा बैल आपणहून चालत आला. तो त्याचा स्वतःचा होता. "याले आधी," तो म्हणाला.

त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस आम्ही बिल्ले लावले. तो आवाज काढायचा. कुणाला जिभेनं, कुणाला ओठांनी, कुणाला नुसती शीळ, आणि नेमकं हवं तेच जनावर यायचं. एका कानात काम होईपर्यंत दुसऱ्या कानापाशी तो काहीतरी पुटपुटत राहायचा. माझी अडचण वेगळीच निघाली. मालकाचं नाव त्याला एकाचंही माहीत नव्हतं.

"ही कुणाची?"

"चिंचेच्या घरची."

"आणि हा गोऱ्हा?"

"त्याचा बुडा खोकलते ना, त्याचा."

मी वहीत तसंच लिहीत गेले. चिंचेच्या घरची तांबडी. खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा गोऱ्हा. दार निळं आहे त्यांची म्हैस. नवीन सून भांडखोर आहे त्यांची पाडी. संध्याकाळी खाली येऊन मी ही वही मावशीपुढे ठेवायची आणि ती एकेक ओळ ऐकून अचूक नाव सांगायची. भांडखोर सुनेच्या ओळीवर तिनं दोन घरं सांगितली आणि दुसऱ्या दिवशी मला वर जाऊन परत विचारावं लागलं. मालकांच्या नावांचा तो सगळा तक्ता त्या दोघांनी मिळून पुरा केला. एक माथ्यावर, एक तलावाच्या पाळीवर, आणि दोघांची गाठ वर्षातून एकदा, धान मोजून द्यायच्या वेळी पडणार.

मावशीच्या काळीचा नंबर तिसऱ्या दिवशी आला. तिचे दिवस भरत आले होते, अंग जड झालं होतं. गायकीनं तिला बोलावलं, ती आली, पण मी चिमटा दाबला त्याच क्षणी तिनं मान झटकली. बिल्ला बसला, पण कानाच्या मध्यावर नाही, कडेला. मला ते दिसलं. काढून परत लावायचा म्हणजे तिला पुन्हा धरायचं, पुन्हा टोचायचं. आभाळ भरून आलं होतं, अजून वीसेक जनावरं बाकी होती. मी म्हटलं, राहील. आणि पुढच्या गायीकडे वळले.

पंधरवड्यानं एका सकाळी दवाखाना उघडायला गेले तर पायरीवर गायकी बसलेला. तो खाली गावात आलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यानं मला जोहारही केला नाही.

"काळी नाई आली. दोन दिस झाले."

मी त्याला घेऊन मावशीकडे गेले. तिनं ऐकलं आणि हातातली टोपली खाली आपटली. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "तुह्या हाती देल्ली होती मी ते! भरल्या दिवसाची गाय! तू झोपून राह्यला होता का? आता कुठी पाहू मी तिले? वाघानं नेली असन तर?" सगळी गल्ली गोळा झाली. गायकी मान खाली घालून ऐकत होता. तिचं बोलणं जरा थांबलं तसा तो म्हणाला, "तो नाई तिकडं. तो नदीकडं गेला." आमच्याकडे जंगलातली माणसं वाघाचं नाव सहसा घेत नाहीत, 'तो' म्हटलं की पुरतं. "व्यायले गेली. जागा पाहून राह्यली असन. मी पाह्यतो."

"तू पाह्यशीन! आजपर्यंत काय पाह्यलं तुनं?" मावशीनं पदर खोचला. "चल. मीच येतो."

नवरा म्हणाला, तुला चढवणार नाही. दीर म्हणाला, मी जातो. तिनं दोघांनाही झिडकारलं, घरातून सुक्या मच्छीची एक पुडी कमरेला बांधली आणि निघाली. मी औषधांची पिशवी घेऊन मागून. वाटेच्या सुरुवातीलाच तिनं मला विचारलं, "इथून कोन्या बाजूनं जाते?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मावशी, तुम्ही याआधी वर कधी आला नाहीत?"

"कायले येऊ? मच्छी काय झाडावर लागते?"

लग्न होऊन ती त्या गावात आली त्याला तीस वर्षं झाली होती. रोज सकाळी दार उघडलं की समोर पहाडी. तिची ढोरं दरवर्षी वर जायची आणि खाली यायची. आणि ही एकदाही चढली नव्हती. तिचं सगळं जाणंयेणं पाण्याच्या आणि बाजाराच्या बाजूचं.

चढताना तिचं तोंड एकदाही मिटलं नाही. दगडांना बोलली, काट्यांना बोलली, गायकीला तर बोललीच. तो पुढे चालायचा आणि अवघड जागा आली की काही न बोलता कुऱ्हाडीचा दांडा मागे धरायचा. ती बोलत बोलतच तो दांडा पकडायची, वर चढायची आणि सोडून द्यायची. माझ्यासाठी त्यानं दांडा धरला नाही. मी बहुधा त्याच्या लेखी शिकलेली होते.

माथ्याच्या कडेला एक मोकळा खडक आहे. तिथं आम्ही दम खायला थांबलो. मावशी पदरानं तोंड पुसत मागे वळली आणि पहिल्यांदाच गप्प झाली. खाली तलाव दिसत होता. आखीव, हिरव्या कडांचा, तिच्या घरातल्या परातीएवढा. पाळीवरची घरं, तिच्या घरावरचा निळा प्लास्टिकचा तुकडा, आणि पाण्यात एक काळी रेघ.

"ते काय हाय वो?"

"डोंगा. तुमचाच माणूस जाळं टाकत असेल."

"अवो माय," ती म्हणाली. "एवढुसाच हाय का आपला तलाव! आन् हा माणूस रोज घरी येऊन सांगते, लय लांबून आलो म्हणून!"

ती हसायला लागली. गायकीही हसला, पण तोंड दुसरीकडे करून. ती तिथं खाली बसली आणि बोटानं एकेक जागा ओळखत गेली. शाळा ती, बाजाराची वाट ती, तिच्या माहेरच्या गावाकडची सडक ती. काळीची आठवण शेवटी मलाच करून द्यावी लागली.

मग गायकी शोधायला लागला तशी आम्ही दोघी गुपचूप त्याच्या मागे. तो जमिनीकडे कमी पाहायचा, झाडपाल्याकडे जास्त. कुठं चरलेलं गवत, कुठं मोडलेली फांदी. पलीकडच्या उतारावर काटेरी बांबूची एक मोठी रांजी होती. तिथं तो थांबला, आत हात घातला आणि काढून माझ्यापुढे धरला. पिवळा बिल्ला. त्याला सुकलेलं रक्त होतं आणि कातडीचा एक तुकडा.

नंबर पाहायची गरज नव्हती, तरी मी पाहिला. तिचाच होता.

मावशीनं बिल्ला माझ्या हातातून घेतला. "हे पाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानंच मला जास्त लागलं. "माह्या गायीचा कान फाडला ना तुनं."

गायकीनं सांगितलेलं होतं, नेमकं हेच. आता तो तसं म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते. तो म्हणाला, "इथूनच गेली. चला." आणि उतारावर वळला.

काळी फार लांब नव्हती. रांजीच्या खाली एक लहानसा झरा आहे, त्याच्या वरच्या अंगाला पुढे आलेल्या खडकाखाली कोरडी जागा. तिथं ती उभी होती, आणि तिच्या पोटाखाली, पायांत पाय अडकवत, एक तांबूस कालवड दूध शोधत होती. मावशी "काळे!" म्हणून धावली. काळीनं शिंगं खाली केली आणि सरळ तिच्या अंगावर आली. मावशी झऱ्यात बसली. मी पुढे झाले तर मलाही तेच. मी झाडामागे.

गायकी जागेवरच उकिडवा बसला आणि ओठांनी तो तिचा आवाज काढत राहिला. बराच वेळ. मी झाडामागून, मावशी पाण्यातून, दोघी बघत होतो. काळीचे कान हलले, एक अखंड आणि एक चिरलेला. मग तिनं फुस्स करून श्वास सोडला आणि पाय ढिले केले. त्यानं मला हातानं बोलावलं.

कानाला माशा बसल्या होत्या, पण अळ्या झाल्या नव्हत्या. मी झऱ्याच्या पाण्यात औषध घालून जखम धुतली, मलम भरलं, वरून जांभळा फवारा मारला, एक इंजेक्शन दिलं. तिची वार पडून गेलेली होती, कास मऊ होती, कालवड धडधाकट होती. मी हे सगळं मोठ्यानं सांगत गेले, कारण मागे मावशी ओल्या लुगड्यानं उभी होती आणि अजून माझ्याशी बोलत नव्हती.

गायकी म्हणाला, आज ही खाली उतरणार नाही, कालवडीला वाट झेपणार नाही. त्यानं कालवड मानेवर आडवी घेतली, काळी हंबरत तिच्या मागे, आणि आम्ही काळीच्या मागे वरच्या टोल्यात आलो.

त्याच्या अंगणात सुनेनं आम्हाला खाट टाकून दिली, मावशीला आपलं कोरडं लुगडं दिलं. भात झाला, आंबील झाली. मावशीनं कमरेची पुडी सोडून मच्छी चुलीत भाजायला दिली. पुडी भिजली होती, पण मच्छीला पाण्याचं काय. आम्ही पानं घेऊन बसलो. शेवटी मी म्हटलं, "मावशी, बाकीच्यांचे बिल्ले राहतील. काळीचाच कडेला बसला होता. तिनं मान झटकली. मला तेव्हाच दिसलं होतं. काढून नीट लावायला पाहिजे होता. मी कंटाळा केला."

मावशी भात कालवत होती. ती थांबली. गायकीही थांबला, आणि त्याच्या सुनेनंही चुलीपासून मान वळवली. मला वाटलं, आता पुन्हा पट्टा सुटणार.

"मंग आता दुसऱ्या कानात नीट लाव," मावशी म्हणाली, आणि जेवायला लागली.

"आज नको," गायकी म्हणाला. "दुखन तिले." त्या दिवसातलं हे त्याचं सगळ्यात ठाम बोलणं होतं.

जेवण झालं तशी मी निघाले. मावशी नाही निघाली. कालवडीला वाट झेपेपर्यंत मी इथंच राहतो, म्हणाली. मी खाली येऊन तिच्या नवऱ्याला निरोप दिला तर तो दाराशी बसून जाळं विणत होता. त्यानं डोकं वर करून विचारलं, "किती दिस?" मी म्हटलं, चार-पाच. "बरं," तो म्हणाला, आणि मला वाटतं तो थोडा खूशच झाला.

चौथ्या दिवशी मी मलमपट्टीला वर गेले. मावशी अंगणात नव्हती. टोल्याच्या मागे एक बोडी आहे, पावसाचं पाणी साठणारी, आमच्या तलावापुढे अगदीच लहान. तिच्या काठावर ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि वस्तीतल्या बाया काठावर बसून तिचं ऐकत होत्या. त्यांना तिचं निम्मं कळत नसावं, पण त्या हसत होत्या.

"या बोडीत मच्छी काऊन नाई?" तिनं मलाच विचारलं, जणू दोष माझ्या खात्याचा. "पानी कवापर्यंत राह्यते म्हनून इचारलं, तर होळीपर्यंत राह्यते म्हनतेत. एवढं पानी, आन् आतमधी नुसते बेंडवे!"

"बेडूक काय, मच्छी काय, ते तुम्हीच बघा. माझ्याकडे चार पायांचं खातं आहे."

"पाह्यतोच," ती म्हणाली.

काळी आणि कालवड पाचव्या दिवशी तिच्याबरोबर खाली उतरली. अर्धी वाट गायकी कालवड मानेवर घेऊन आला, मग तिनं ती उतरवून घेतली आणि त्याला माघारी पाठवलं. पलीकडच्या दोन टोल्यांतल्या ढोरांचे उरलेले बिल्ले मी कापणीनंतर लावले, ढोरं खाली आल्यावर, दवाखान्यातल्या खोड्यात एकेक नीट अडकवून. कामाला उशीर झाला म्हणून तालुक्याचे साहेब रागावले. मी उशिराचं कारण लेखी दिलं, त्यात माझ्या हातून कडेला बसलेल्या बिल्ल्याचंही लिहिलं. त्यांनी ते वाचून कागद फायलीला लावायला सांगितला आणि पुढच्या वेळी पावसाळा टाळून काम काढा, एवढंच म्हणाले. काळीच्या दुसऱ्या कानात बिल्ला मी तेव्हाच लावला, अगदी मध्यावर. मावशी चिमट्यापाशी नाक नेऊन बघत होती.

पुढच्या पावसाळ्यात रोवणी संपायला आली होती. मावशी सकाळीच दवाखान्यात आली. डोक्यावर ॲल्युमिनियमचा हंडा, तोंडाला ओलं कापड. आत रोहू आणि कतल्याची बोटभर पिल्लं, तलावात सोडायला आणलेल्या बीजातली, नवऱ्याला सांगून घेतलेली. वाटेत पाणी तापायला नको म्हणून तिला लवकर निघायचं होतं आणि वाटेतल्या झऱ्यावर पाणी बदलायला सोबत हवी होती. मी दार ओढून घेतलं. आम्ही हंडा आळीपाळीनं डोक्यावर घेतला. निम्म्या वाटेवर गायकी वाट पाहत उभा होता. त्यानं हंडा तिच्याकडून घेतला, हलू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि आमच्या पुढे चढला. बोडीवर सगळी वस्ती जमली होती. मावशीनं हंडा पाण्यात तिरपा करून धरून ठेवला, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होऊ दिलं, मग हळूच सोडून दिलं. पिल्लं एका बाजूनं गेली तशी बायांनी ओळीनं पाण्यात वाकून पाहिलं.

होळीच्या आधी पाणी आटत आलं, तेव्हा जाळं टाकायला ती नवऱ्यालाही घेऊन गेली. तोही पहिल्यांदाच चढत होता. त्या मोकळ्या खडकावर तिनं त्याला थांबवलं आणि त्याचा तलाव दाखवला. तो म्हणाला, "वरून लहान दिसते. वल्हवून पाय एकडाव."

बोडीतून मच्छी निघाली ती अर्ध्या-पाऊण किलोची. मावशीला ती लहान वाटली, वस्तीला पुष्कळ. अंगणाअंगणात वाटे पडले, एक वाटा माझ्याही हातात आला, पळसाच्या पानांत बांधून. दुपारच्या जीपनं मला ब्रह्मपुरीला जायचं होतं, आईकडे. वळणावळणावर पुडीतून पाणी गळत होतं आणि शेजारचा माणूस हळूहळू खिडकीकडे सरकत होता. ड्रायव्हरनं दोनदा मागे वळून नाकाला रुमाल लावला. तिसऱ्यांदा वळला तेव्हा विचारलं, "बाई, रोहू हाय का?" मी हो म्हटलं, तर म्हणाला, "मंग ठीक हाय."

घरी आईनं पुडी सोडली, एवढी ताजी मच्छी कुठल्या तलावाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, "पहाडीवरची." तिनं ते थट्टेवारी नेलं आणि मसाला वाटायला बसली.